एका कॉकाटीलचा डावा डोळा

बंड्या हा आमचा राखाडी कॉकाटील. नर, वय सहा वर्षं, गालावर केशरी टिकली, डोक्यावर तुरा. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पोपटांच्याच वर्गातला, अंगाने साळुंकीएवढा आणि शेपटीने लांब. साताऱ्यातल्या आमच्या घरी तो पिलू असताना आला आणि तेव्हापासून एकटाच आहे. पिंजरा बैठकीत, देवघराच्या कोनाड्यापासून चार हातांवर. संध्याकाळी दोन-तीन तास तो बाहेर असतो, लेकीच्या खांद्यावर नाहीतर खिडकीच्या गजावर.

गेल्या डिसेंबरात त्याचा डावा डोळा आला. माणसांचे डोळे येतात तसा, चार दिवसांत जाईल, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात सात आठवडे लागले, आणि शेवटी डोळ्यापेक्षा त्याच्या खाण्याबद्दल आणि आमच्या घरातल्या हवेबद्दलच जास्त बोलावं लागलं. त्या पहिल्या रात्री मला जे माहीत असायला हवं होतं ते सगळं इथे लिहिते आहे, आमच्या हातून काय चुकलं त्यासकट.

बारा दिवसांचे फोटो

सोमवारी सकाळी पिंजऱ्यावरची चादर काढली तेव्हा बंड्या अंग फुगवून एका पायावर बसला होता. शीळ नाही, तुरा खाली. डावा डोळा अर्धा मिटलेला. आतल्या कोपऱ्यात साबणाच्या फेसाचा असावा तसा एक बारीक बुडबुडा. डोळ्याखालची पिसं भिजवलेल्या वातींसारखी एकमेकींना चिकटून टोकदार झाली होती. चोच आणि डोळा यांच्या मध्ये मुगाच्या दाण्याएवढा फुगवटा होता. उजवी बाजू अगदी स्वच्छ.

एका रात्रीत हे झालं, असंच मी सगळ्यांना सांगत होते. लेक बारा वर्षांची, तिच्या टॅबमध्ये बंड्याचे रोजचे फोटो असतात. दुपारी ती ते चाळत बसली आणि म्हणाली, "आई, सगळ्या फोटोंत तो एकाच बाजूने का दिसतोय?"

खरंच तसं होतं. मागच्या बारा दिवसांत तेवीस फोटो, आणि त्यांतल्या एकवीस फोटोंत बंड्या उजवा गाल पुढे करून बसलेला. त्याआधीच्या महिन्यात दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. पोपटाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि खोबणीत फारसे फिरत नाहीत. एखादी वस्तू नीट निरखायची तर तो मान वळवून एक डोळा तिच्यासमोर धरतो. डावा डोळा दुखत होता म्हणून तो आमच्याकडे उजव्याने बघत होता. आम्ही मात्र म्हणत होतो, काय ऐटीत मान वळवून बसतो बघा.

मग बाकीचंही आठवायला लागलं. तो काठीवर गाल घासायचा. नवीन पिसं फुटताना कॉकाटील तसं करतातच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. सकाळी दोन-चार शिंका यायच्या, त्या मी थंडीच्या खाती टाकल्या. आठवड्याभरापासून लेकीच्या डाव्या खांद्यावरून हाताकडे उतरताना तो अडखळायचा. पक्षी दुखणं लपवतो, कारण रानात आजारी दिसणारा पक्षी सगळ्यात आधी शिकाऱ्याच्या नजरेत येतो. हे मी ऐकून होते. पण लपवलेलं दुखणंही कुठूनतरी डोकावतंच, आणि आमच्या घरी ते टॅबमधल्या फोटोंत बारा दिवस पडून होतं.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याला तोललं. ८५ ग्रॅम. गणपतीच्या सुट्टीत लेकीने सहज म्हणून वजन केलं होतं तेव्हा ९३ भरले होते. आठ ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण साठ किलोच्या माणसाचं वजन पाच किलोंनी उतरावं तसं ते होतं. पिसांमुळे अंग भरलेलंच दिसतं. डोळ्याने हे कधीच कळलं नसतं.

आमच्या हातून झालेली चूक

संध्याकाळपर्यंत घरात चार सल्ले जमले. सासूबाई म्हणाल्या, गुलाबपाणी घाल. शेजारच्या काकूंनी मध सुचवला. कुणी कोमट हळदीचं पाणी सांगितलं. प्रेमापोटीच सांगत होते सगळे. यातलं मी काही केलं नाही, पण त्याहून वाईट केलं. औषधाच्या दुकानात जाऊन डोळ्याचे थेंब मागितले. पक्ष्यासाठी आहेत हे सांगितलं, आणि समोरून जी बाटली आली तीतला एक थेंब रात्री आठ वाजता बंड्याच्या डोळ्यात सोडला.

नऊ वाजता ओळखीच्या पशुवैद्यांचा फोन लागला. त्यांचा सगळा दिवस गाई-म्हशींत जातो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा." बारीक अक्षरांत प्रतिजैविकाच्या नावापुढे डेक्सामेथासोन होतं. म्हणजे स्टिरॉइड. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडा किंवा जखम असेल तर स्टिरॉइडने ती भरत नाही, उलट खोल जाते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. शिवाय नव्वद ग्रॅमच्या जिवात डोळ्यातला थेंबही साऱ्या अंगात पोचतो आणि त्याची रोगाशी लढायची ताकद कमी करतो. माणसाचा डोळा लाल झाला की हेच थेंब सर्रास दिले जातात आणि एका दिवसात लाली उतरते, म्हणून ते गुणकारी वाटतात.

"दुसरा थेंब घालू नका," ते म्हणाले. "निर्जंतुक सलाइन आणा, कोमट करा, कापसाने डोळ्याबाहेरचा चिकटा भिजवून पुसा. ओढू नका. पक्षी उबेत ठेवा. आणि खरं सांगतो, एवढ्या छोट्या पक्ष्याचं नाक-तोंड नीट तपासायची साधनं माझ्याकडे नाहीत. पुण्याला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या, उद्या जमलं तर उद्याच."

मला येत नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

ऊब देताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागली. डोळा दुखतोय तर झगझगीत बल्ब डोळ्यासमोर नको. पिंजऱ्याच्या एका बाजूला बाहेरून दिवा लावला, त्याच्या आणि पिंजऱ्याच्या मध्ये उजेड अडेल असा जाड कपडा सोडला, तोही दिव्याला टेकणार नाही इतका लांब. दुसरी बाजू गार ठेवली, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल. आत तीस अंशांच्या आसपास ठेवायचं होतं. खाण्या-पाण्याच्या वाट्या उजव्या हाताला आणि खालच्या काठीजवळ आणल्या, कारण डाव्या बाजूचं त्याला नीट दिसत नव्हतं. हे सुचलं ते लेकीला.

पुण्यापर्यंत

वेळ मिळाली बुधवारची. साताऱ्याहून पुणं सुमारे ११० किलोमीटर, मध्ये खंबाटकीचा घाट. लहान पिंजरा तीन बाजूंनी झाकला, काठी अगदी खाली बांधली. पाण्याची वाटी हिंदकळते म्हणून तिच्याऐवजी काकडीच्या दोन चकत्या अडकवल्या. तळाशी पांढरा कोरा कागद घातला, वाटेत पडलेली शीट डॉक्टरांना दाखवण्यासाठी. रद्दीवर रंग कळत नाही.

या कागदाचा फार उपयोग झाला. पक्ष्याच्या शिटेत तीन भाग असतात: घट्ट हिरवा-तपकिरी भाग, पांढरा खडूसारखा भाग आणि पाणी. त्यातला पांढरा भाग पोपटी-पिवळा झाला असेल तर यकृताकडे शंका जाते आणि पोपटवर्गातल्या एका खास आजाराचं नाव पुढे येतं. बंड्याचा पांढरा भाग पांढराच होता.

टेबलावर

डॉक्टर मॅडमनी पहिली दहा मिनिटं त्याला हातच लावला नाही. पिंजरा टेबलावर ठेवून आमच्याशी बोलत राहिल्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत होत्या. श्वासागणिक शेपटी खाली-वर होते का, चोच उघडी आहे का, कोणती पापणी किती मिटते. मध्येच डोळ्यावरून एक पांढुरकं जाळं आडवं सरकून गेलं तेव्हा मी घाबरून दाखवलं. ती पक्ष्यांची तिसरी पापणी. ती सरकते आणि लगेच मागे जाते, तोवर काळजी नाही. सरकून तिथेच अडकली तर मात्र दुखणं आहे.

त्यांचे प्रश्न डोळ्याचे नव्हतेच. खातो काय? घरात धूर कसला होतो? मागच्या काही आठवड्यांत दुसरा पक्षी घरात आला होता का?

आला होता. दिवाळीत नणंद गावाला गेली तेव्हा तिचा कॉकाटील आठवडाभर आमच्याकडे होता, शेजारच्याच पिंजऱ्यात. हे ऐकून त्यांनी विचारलं, "घरात कुणाला ताप, कोरडा खोकला?"

सासूबाईंना दहा दिवसांपासून खोकला होता.

मॅडमनी शांतपणे समजावलं. क्लॅमिडिया सिटासी नावाचा जंतू पोपटांत असतो. डोळे येणं, शिंका, सुस्ती ही त्याची नेहमीची रूपं, आणि कॉकाटीलमध्ये तो बऱ्याचदा आढळतो. वाळलेल्या शिटेच्या आणि पिसांच्या धुळीतून तो माणसाच्या फुप्फुसात जाऊ शकतो. त्या आजाराला सिटॅकोसिस म्हणतात. १९२९-३० साली दक्षिण अमेरिकेतून विक्रीला गेलेल्या पोपटांबरोबर तो युरोप-अमेरिकेत पसरला होता आणि माणसं दगावली होती. आज त्यावर औषध आहे, फक्त डॉक्टरांना शंका यायला हवी. "सासूबाईंच्या डॉक्टरांना एवढंच सांगा की घरात आजारी पोपट आहे. हे वाक्य रुग्ण सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत."

त्याच रात्री त्यांना दाखवलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला, खोकला साध्या सर्दीचा होता. पण तो कळेपर्यंतचे दोन दिवस मी पिंजऱ्याचा कागद मास्क लावून, आधी पाण्याने भिजवून मगच काढला. झाडू मारला की धूळ उडते. ओला कागद घडी घालून उचलायचा, ही सवय आता कायमची झाली आहे.

मग प्रत्यक्ष तपासणी. एक छोटा टॉवेल, आणि दोन मिनिटांत बंड्या त्यांच्या हातात. नारिंगी रंगाची एक कागदी पट्टी ओली करून डोळ्याला लावली, रंग धुतला आणि निळ्या उजेडात पाहिलं. जखम असती तर ती जागा हिरवी चमकली असती. चमकली नाही. माझ्या त्या एका थेंबाने नुकसान केलं नव्हतं. मला रडू आलं ते तिथे.

बाहुली उजेडात लहान होते का, यावर त्यांनी फारसा भर दिला नाही. पक्ष्याची बाहुली त्याच्या मर्जीने लहान-मोठी होते. म्हणून पोपट खूश झाला किंवा चिडला की त्याचे डोळे लुकलुकल्यासारखे दिसतात. माणसाच्या डोळ्यासारखा टॉर्च मारून अंदाज बांधता येत नाही.

त्यानंतर त्यांनी चोच उघडून टाळू दाखवला. पोपटाच्या टाळूला मधोमध एक फट असते आणि तिच्या कडांना कंगव्याच्या दातांसारखे बारीक टोकदार उंचवटे असतात. बंड्याचे जवळजवळ सपाट झाले होते. झिजलेला कंगवाच जणू. फटीजवळ दोन पांढरट ठिपके. त्यांनी मान हलवली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, "खातो काय?"

सूर्यफुलाच्या बिया आणि राळे. सहा वर्षं. वाटी भरलेली असायची, तो आवडीने खायचा आणि आम्हाला वाटायचं की त्याचं उत्तम चाललंय.

दुखण्याचं मूळ

सूर्यफूल, राळे, बाजरी यांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. नाक, तोंड, अश्रूंच्या नळ्या, डोळ्याखालच्या पोकळ्या या सगळ्यांना आतून जे ओलसर मऊ अस्तर असतं ते या जीवनसत्त्वावर टिकतं. ते कमी पडलं की अस्तर कोरडं आणि निबर होतं, तळहाताला घट्टा पडावा तसं. निघालेल्या पापुद्र्यांनी नळ्या तुंबतात, अश्रू वाहून जात नाहीत आणि साचलेल्या जागी जंतू वस्ती करतात. पोपटाच्या डोळ्याभोवती आणि खाली एक मोठी पोकळी असते, नाकाशी जोडलेली. तिची बाहेरची बाजू हाडाची नसून नुसत्या कातडी-मांसाची असते. त्यामुळे आत पू साठला की तो डोळ्याखाली फुगवटा होऊन दिसतो.

तो मुगाचा दाणा म्हणजे हा फुगवटा. डोळा आला होता हे खरं, पण दुखणं सुरू झालं होतं ते नाकामागे, आणि त्याच्याही मागे ती भरलेली वाटी होती.

पोकळीतला थोडा द्रव काढून तपासला तेव्हा बिया खाणाऱ्या पक्ष्याच्या नाकात एरवी फारसे नसणारे ग्राम-निगेटिव्ह जंतू भरपूर दिसले. कोणतं औषध लागू पडेल ते ठरवायला नमुना प्रयोगशाळेत गेला. क्लॅमिडियासाठी डोळा, टाळू आणि शीट या तिन्ही जागांचा पीसीआर पाठवला आणि निकाल येईपर्यंत डॉक्सीसायक्लिन सुरू केलं. पिंजऱ्यातला समुद्रफेस, म्हणजे चोचीने खरवडायला ठेवलेला कॅल्शियमचा पांढरा तुकडा, काढायला सांगितला, कारण कॅल्शियम हे औषध बांधून ठेवतं आणि मग ते अंगी लागत नाही. अ जीवनसत्त्वाचं एक इंजेक्शन त्यांनी दिलं. मेडिकलमधून थेंब आणून स्वतः देऊ नका, असंही बजावलं. ते अंगात साठतं आणि जास्त झालं तर विष ठरतं. औषधांची मापं मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ती त्या पक्ष्याच्या त्या दिवसाच्या वजनावर ठरलेली होती.

पाचव्या दिवशी पीसीआर निगेटिव्ह आला. हा जंतू अधूनमधूनच बाहेर पडतो, म्हणून एका निगेटिव्हवर सगळं सोडून देत नाहीत. पण शीट, रक्ततपासणी आणि नणंदेच्या पक्ष्याचाही निगेटिव्ह अहवाल पाहून मॅडमनी डॉक्सीसायक्लिन बंद केलं आणि प्रयोगशाळेने सुचवलेलं दुसरं प्रतिजैविक सुरू केलं. तो आजार असताच तर उपचार साधारण ४५ दिवस चालला असता.

दिवसातून तीनदा

स्टिरॉइड नसलेले थेंब, दिवसातून तीन वेळा, चौदा दिवस. लिहायला एक ओळ, करायला घरातली दोन माणसं.

थेंबच का, मलम का नाही, हे मी विचारलं होतं. मलमाने डोळ्याभोवतीची पिसं तेलकट होतात, पक्षी ते काठीला आणि पंखांना पुसत बसतो, आणि भिजलेली पिसं ऊब धरत नाहीत.

पहिले दोन दिवस आम्ही चुकीचं धरत होतो. लेकीच्या बाबांनी टॉवेलमध्ये त्याला छातीशी घट्ट आवळलं. तो जोरजोराने चोच उघडून धापा टाकायला लागला. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढे-मागे होतं तेव्हाच त्याचा श्वास आत-बाहेर होतो. छाती दाबली की तो गुदमरतो, मग नाक कितीही मोकळं असो. मॅडमनी व्हिडिओ कॉलवर पुन्हा शिकवलं: टॉवेल पाठीवरून, अंगठा आणि मधलं बोट जबड्याच्या दोन बाजूंना, तर्जनी डोक्यावर, छाती पूर्ण मोकळी. थेंब समोरून आणायचा नाही, मागून-वरून आणायचा. बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. थेंब पडला की दहा आकडे मोजायचे आणि सोडायचं. सोडल्या सोडल्या राळ्याचं कणीस पुढे. ते कणीस फक्त त्याच वेळी मिळायचं, एरवी नाही.

चौथ्या दिवशी वजन ८३ झालं. ती रात्र वाईट गेली. मॅडमनी त्यापूर्वीच सांगितलं होतं की ८० च्या खाली गेला तर चोचीतून नळीने भरवावं लागेल, लगेच निघून या. पाचव्या दिवशी ८३, सहाव्या दिवशी ८४. दहाव्या दिवशी ८६, आणि त्या सकाळी आठवड्यानंतर पहिली शीळ ऐकू आली. फुगवटा मसुराएवढा झाला, मग हाताला लागेनासा झाला.

वाटीतलं बदलणं

सगळ्यात चिवट काम हे होतं. औषध संपलं तरी वाटी तीच राहिली असती तर दोन महिन्यांनी पुन्हा तिथेच आलो असतो.

कॉकाटील हट्टी असतो. बिया काढून भाजी ठेवली तर तो भाजी खाण्यापेक्षा उपाशी राहतो, आणि एवढ्या छोट्या जिवाला उपास परवडत नाही. म्हणून बिया एकदम बंद करायच्या नाहीत, रोज सकाळी वजन, आणि वजन घटलं तर एक पाऊल मागे. लाल भोपळा उकडून ठेवला, त्याने त्यावर शीट केली. किसलेलं गाजर चोचीने उडवून लावलं. मग शेवग्याचा पाला. दारातल्या झाडाची ओली डहाळी पिंजऱ्याच्या वर उलटी टांगली, तेव्हा तो तिच्यात शिरून अंघोळ केल्यासारखा लोळला आणि नकळत पानं कुरतडायला लागला. तिथून रस्ता उघडला. शेवगा, मग कोथिंबिरीची जुडी, मग भिजवलेल्या मुगात बारीक किसलेलं गाजर, मग लाल ढोबळी मिरची, जिच्या बिया त्याला फार आवडल्या. या भाज्यांतल्या रंगद्रव्यापासून शरीर हवं तेवढंच अ जीवनसत्त्व बनवतं, त्यामुळे इंजेक्शनसारखा जास्त होण्याचा धोका नाही. आपल्याकडचं पांढऱ्या गराचं रताळं मात्र त्या कामाचं नाही, केशरी गर लागतो. अव्होकाडो पोपटाला कधीच द्यायचं नाही, ते त्याच्या जिवावर बेततं.

सूर्यफूल आता दिवसाला पाच-सहा दाणे, तेही हातातून, बक्षीस म्हणून. उरलेल्या वाटीत पक्ष्यांच्या तयार गोळ्या आणि थोडे राळे. हे जमायला सहा आठवडे लागले.

धूप आणि फोडणी

धुराचा विषय घरात काढणं मला अवघड वाटत होतं. सासूबाई रोज तिन्हीसांजेला धूप घालतात, तीस वर्षं घालतायत. रात्री डासांची कॉइल असायची. स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामध्ये दार नाही, त्यामुळे मिरचीच्या फोडणीचा ठसका थेट पिंजऱ्यापर्यंत. पक्ष्याचं फुप्फुस हवेतलं सगळं आपल्यापेक्षा जास्त ओढून घेतं. आधीच कोरड्या पडलेल्या अस्तराला हा रोजचा धूर म्हणजे जखमेवर मीठ होतं.

मी बोलायच्या आधीच सासूबाईंनी धुपाटणं उचललं आणि मागच्या अंगणात तुळशीपाशी नेलं. "देवाला तिथूनही पोचेल," एवढंच म्हणाल्या. पिंजरा खिडकीजवळच्या खोलीत गेला. कॉइलऐवजी मच्छरदाणी. नॉनस्टिकचा तवा मात्र आम्ही घरातूनच काढला. तो रिकामा फार तापला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू काही मिनिटांत पक्षी मारतो, आणि आपल्याला वासही येत नाही.

इतर डोळे

प्रत्येक आलेला डोळा बंड्यासारखाच असेल असं नाही. मॅडमच्या बाकावर त्या सात आठवड्यांत मी बरेच पक्षी पाहिले. एका लव्हबर्डच्या पापणीखाली भाताचं तूस अडकलं होतं, ते निघालं आणि तो दुसऱ्या दिवशी बरा. एका बजरीगरच्या डोळ्याभोवती आणि नाकावर मधाच्या पोळ्यासारखी भुसभुशीत खपली होती, तो किडीचा आजार. एका म्हाताऱ्या पोपटाच्या बाहुलीत दुधाळ मोतीबिंदू होता. दोन्ही डोळे एकदम आले तर धूर, पोषण किंवा साऱ्या अंगातला संसर्ग आधी मनात येतो. एकच असेल तर मार, कचरा किंवा पोकळीतला पू. हा ढोबळ अंदाज आहे, निदान नाही. डोळा पूर्ण मिटला, रक्त दिसलं, श्वासाबरोबर शेपटी हलायला लागली किंवा पक्षी काठी सोडून तळाशी बसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपल्याकडे खेडोपाडी पिंजऱ्यात असतो तो हिरवा राघू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळता येत नाही. त्यामुळे त्याचा डोळा सुजला तर लोक भीतीने डॉक्टरकडे नेतच नाहीत, घरीच काहीबाही घालतात आणि राघूचा डोळा जातो. त्याला आयुष्यभर लपवण्यापेक्षा वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करून त्यांच्या ताब्यात देणं हे त्याच्यावरचं खरं प्रेम. तिथे त्याच्यावर उपचार होऊ शकतात.

आत्तापर्यंत

सातव्या आठवड्यात वजन ९२ भरलं. डोळा पूर्ण उघडतो. तीन महिन्यांनी टाळू पाहिला तेव्हा कडांचे दाते पुन्हा वर येऊ लागले होते, पूर्ण नाहीत, पण हाताला खरखरीत लागतात असं मॅडम म्हणाल्या. डोळ्याखाली तांदळाच्या दाण्याएवढी जागा अजून पिसांविना आहे. तिथे पिसं येतील किंवा नाहीही येणार.

दर रविवारी सकाळी लेक त्याला काट्यावर उभा करते, आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिते आणि दोन फोटो काढते, एक डावीकडून, एक उजवीकडून. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती मला हाक मारत आली. बंड्या खिडकीच्या गजावर बसला होता, बाहेर शेवग्यावर बुलबुल आला होता, आणि तो मान वाकडी करून डाव्या डोळ्याने त्याच्याकडे बघत होता. पुढची तपासणी जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे.